पोपेस्कू: एका रोमानियन आडनावाचा उगम आणि त्याचा परदेशातला पसारा

वंशवेल

नमस्कार मंडळी,

रोमानियन आडनाव म्हटलं की 'एस्कू'ने संपणारं काहीतरी आठवतं. त्यात पोपेस्कू सगळ्यात ओळखीचं. रोमानियात सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत ते अगदी वरच्या जागी आहे आणि त्याच्याही वर आहे 'पोपा', म्हणजे त्याचंच मूळ. पोपा म्हणजे गावचा ऑर्थोडॉक्स धर्मगुरू. कॅथलिक पाद्री लग्न करत नाही, पण ऑर्थोडॉक्स परंपरेत दीक्षा घेण्याआधी लग्न करता येतं आणि खेड्यातला धर्मगुरू सहसा संसारीच असतो. गावोगावी पोपा, आणि प्रत्येक पोपाच्या घरात मुलं. लोक त्यांना 'पोपाचा अमुक' म्हणूनच ओळखत. एकाच पूर्वजापासून पसरलेलं हे कूळ नव्हे. एकमेकांशी काही नातं नसलेल्या हजारो घरांत ते वेगवेगळं जन्मलं आहे.

'एस्कू' म्हणजे अमक्याचा, अमक्याच्या घरातला. त्याचं अनेकवचन होतं 'एश्त', आणि त्यातून गावांची नावं तयार झाली. पोपेस्कू माणूस, तर पोपेश्त गाव. बुखारेस्टला रोमानियन लोक बुकुरेश्त म्हणतात, तेही याच घडणीचं: बुकुर नावाच्या माणसाची मंडळी. जुन्या सरदार घराण्यांत उलटा प्रवासही दिसतो, गोलेश्त गावावरून गोलेस्कू.

आता ज्यासाठी धागा काढला तो मुद्दा. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड, यंगस्टाउन, किंवा कॅनडातल्या रेजायना भागातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या रोमानियन वस्त्यांची नावं वाचली की पॉप, पोपा, पोपोविच, मोल्दोवान, मुंतेआन ही आडनावं भेटत राहतात. पोपेस्कू मात्र तुरळक. आजच्या इटलीत आणि स्पेनमध्ये बघावं तर पोपेस्कू भरपूर. देश तोच, भाषा तीच, अर्थ तोच, मग असं का?

माझं मत असं की 'पोपेस्कू' हे मुळात कार्पेथियन डोंगरांच्या दक्षिणेचं आणि पूर्वेचं रूप आहे. वालाकिया आणि मोल्दाविया या दोन संस्थानांमधून १८५९ साली आधुनिक रोमानिया घडला, तिथलं. ट्रान्सिल्वेनिया १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, आणि तिथे त्याच धर्मगुरूच्या मुलाला नुसतं 'पॉप' म्हणत. अमेरिकेला गेलेला शेतकरी प्रामुख्याने याच बाजूचा. तुम्हाला काय वाटतं? या भागांत राहणारं कुणी असेल तर जरूर लिहा.

केदार_नाशिक

छान विषय. दोन शंका आहेत. रोमच्या पोपशी याचा थेट संबंध आहे का? आणि अमेरिकेत उतरल्यावर एलिस बेटावरच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरात स्थलांतरितांची तपासणी होई तिथल्या, कारकुनांनी लांब नावं छाटून 'पॉप' केली असतील, असं नाही का होऊ शकत? तशा गोष्टी खूप ऐकल्या आहेत.

वंशवेल

केदार, रोमच्या पोपला रोमानियनमध्ये 'पापा' म्हणतात, तो शब्द वेगळा. मागे मागे गेलं तर दोन्ही ग्रीक 'पापास'पर्यंत पोचतात, पण गावचा 'पोपा' रोमानियनमध्ये स्लाव्ह भाषांमार्गे आला. म्हणूनच आजूबाजूला सगळीकडे त्याची भावंडं आहेत: बल्गेरियात पोपोव, सर्बियात पोपोविच, ग्रीसमध्ये पापादोपुलोस, हंगेरीत पॅप. ज्या ज्या समाजात संसारी धर्मगुरू होता तिथे हे आडनाव उगवलंच. त्याच घरातली इतर आडनावंही बघण्यासारखी आहेत. दियाकोनेस्कू, प्रोतोपोपेस्कू, दास्कालू. कुणी डीकनचा (चर्चमधल्या साहाय्यक धर्मगुरूचा), कुणी वरिष्ठ धर्मगुरूचा, आणि दास्कालू म्हणजे गावात शिकवणारा, चर्चमध्ये गाणारा.

जहाजनोंदी

केदारच्या दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो, कारण ही गोष्ट फार पसरलेली आहे आणि तिच्यामुळे लोकांचा शोध भलत्याच दिशेला जातो.

एलिस बेटावरचे अधिकारी नावं नव्याने लिहून घेत नसत. बोटीच्या कंपनीने निघण्याच्या बंदरावर तयार केलेली प्रवाशांची यादी त्यांच्यासमोर असे आणि ते त्या यादीवर खुणा करत जात. नाव बदललं असेल तर दोन ठिकाणी: निघण्यापूर्वी मायदेशातल्या कागदांवर, किंवा पुढे अमेरिकेत कारखान्यात, शाळेत, नागरिकत्वाच्या अर्जात, आणि बहुतेक वेळा खुद्द त्या माणसाच्याच इच्छेने.

ट्रान्सिल्वेनियाच्या बाबतीत पहिलं ठिकाण फार महत्त्वाचं. हंगेरीने सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ ऑक्टोबर १८९५ पासून सुरू केली आणि ती हंगेरियनमध्ये होती. रोमानियन घरातला 'पॉप' त्या वहीत सहज 'पॅप' होई, योनचा यानोश होई. चर्चच्या वहीत एक, सरकारी वहीत दुसरं. हाच माणूस हांबुर्ग, ब्रेमेन किंवा फ्युमे बंदरावर गेला की त्याच्या हातातल्या कागदावर जे असेल ते यादीत उतरे.

योगायोग बघा, त्याच १८९५ सालच्या मार्चमध्ये डोंगरांपलीकडच्या रोमानियाच्या राज्यात नावांविषयीचा कायदा झाला आणि आडनाव कायम झालं. तोवर बापाच्या नावावरून, धंद्यावरून, गावावरून नाव पिढीगणिक बदलू शकत होतं. म्हणजे एकाच वर्षात कार्पेथियनच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या सरकारांनी धर्मगुरूच्या नातवंडांची नावं पक्की केली, एका बाजूला पोपेस्कू, दुसऱ्या बाजूला पॉप किंवा पॅप.

अमेरिकन याद्यांत १८९९ पासून नागरिकत्वाशिवाय 'वंश किंवा लोक' असा वेगळा रकाना आहे. त्यात 'हंगेरीचा नागरिक, पण रोमानियन' अशी नोंद सापडते. पॅप नावाचा माणूस हंगेरियन की रोमानियन, हे ठरवायला तो रकाना सोन्यासारखा आहे.

अश्विनी_मावशी

वंशवेल, तुझ्या मताला माझा दुजोरा, पण बानात विसरू नकोस बाळा! बानात हाही ऑस्ट्रिया-हंगेरीतलाच भाग, पण तिथे 'एस्कू' बऱ्यापैकी आहे. म्हणजे 'डोंगरांच्या अलीकडे पॉप, पलीकडे पोपेस्कू' ही रेघ इतकी सरळ नाही.

शिवाय बानातमधल्या ऑर्थोडॉक्स रोमानियन लोकांवर १८६४ पर्यंत सर्बियन धर्मपीठाची सत्ता होती. वह्या लिहिणारे त्याच वळणाचे, त्यामुळे 'पोपाचा मुलगा' तिथे 'पोपोविच' म्हणूनही उतरला. ऑस्ट्रिया-हंगेरीचं संघराज्य करावं अशी योजना १९०६ मध्ये मांडणारा आउरेल पोपोविच बानातच्या लुगोज गावचा, आणि तो रोमानियन राष्ट्रवादी होता. नावावरून त्याला कुणीही सर्ब समजेल. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या बुकोविना प्रांतातही हेच. त्या भागात 'ओविच' फार.

मला हे सगळं वाचताना एक गोष्ट फार भिडते. आडनाव आपलं म्हणतो आपण, पण ते लिहिणारा हात बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. धर्मगुरूचा, तलाठ्यासारख्या कुणा कारकुनाचा, शाळामास्तरांचा.

वंशवेल

मावशी, बानातचा मुद्दा अगदी योग्य, आणि त्याने चित्र अजून रंगतदार होतं. ढोबळ कल मात्र टिकतो. 'एस्कू'चं खरं आगर म्हणजे मुंतेनिया आणि ओल्तेनिया, वालाकियाचे पूर्व आणि पश्चिम भाग, दक्षिणेचा सपाट प्रदेश.

आडनाव दिशा कशी सांगतं त्याचं एक सुंदर उदाहरण. 'मोल्दोवान' म्हणजे मोल्दावियाचा. पण हे आडनाव सर्वात जास्त ट्रान्सिल्वेनियात भेटतं! मोल्दावियात सगळेच मोल्दावियाचे, तिथे कुणाला वेगळं ओळखायला हे नाव कशाला लागेल? डोंगर ओलांडून आलेल्यालाच ते चिकटलं. 'उंगुरेआनू'चं तसंच. हंगेरीच्या राज्यातून, म्हणजे ट्रान्सिल्वेनियातून आलेला, म्हणून हे नाव मोल्दाविया-वालाकियात. आपल्याकडे नगरकर नगरात कमी आणि बाहेर जास्त, त्यातलाच प्रकार.

क्रीडावेडा

मी पोपेस्कू पहिल्यांदा ऐकलं ते फुटबॉलमुळे. गिका पोपेस्कू, जन्म १९६७, कालाफात, ओल्तेनिया. म्हणजे तुमच्या नकाशात बरोबर बसतो. बार्सिलोनाचा कर्णधार होता, आणि २००० च्या युएफा कप अंतिम सामन्यात आर्सेनलविरुद्ध तुर्कस्तानच्या गालातासराय क्लबसाठी निर्णायक पेनल्टी त्यानेच मारली. रोमानियाचा नामवंत फुटबॉलपटू हाजी याचा मेहुणा.

उलट बाजूचं उदाहरण: अमेरिकन बास्केटबॉलचा प्रसिद्ध प्रशिक्षक ग्रेग पोपोविच. त्याचे वडील सर्बियन वंशाचे, आई क्रोएशियन वंशाची. तेव्हा अमेरिकेतला प्रत्येक पोपोविच रोमानियन यादीत टाकला तर सगळा हिशेब बिघडेल.

नाट्यवेडी

पॅरिसचा विषय कुणी काढलाच नाही! आपल्या नाटकवाल्यांना माहीत असलेला युजीन आयनेस्को हा मूळचा एउजेन इयोनेस्कू, जन्म १९०९, स्लातिना, मुंतेनिया, म्हणजे तेही 'एस्कू'च्या आगरातच. फ्रेंचमध्ये शेवटचा 'यू' ओठ आवळून वेगळाच उच्चारला जातो, त्यामुळे पॅरिसला गेलेले रोमानियन शेवटी 'ओ' लिहीत. संगीतकार जॉर्ज एनेस्कू तिथे एनेस्को. आणि पोपेस्कूंचं सगळ्यात झळाळतं उदाहरण म्हणजे अभिनेत्री एल्विर पोपेस्को. बुखारेस्टमध्ये १८९४ साली एल्विरा पोपेस्कू म्हणून जन्म, १९२० च्या दशकात पॅरिसच्या रंगभूमीवर आली आणि तिथली लाडकी झाली. तिचे रोमानियन धाटणीचे उच्चार प्रेक्षकांना इतके आवडत की तीच तिची ओळख ठरली. १९९३ मध्ये पॅरिसमध्येच गेली.

म्हणजे 'एस्को' दिसलं की बहुतेकदा समजावं, हा माणूस किंवा त्याचे आजोबा पहिल्या काळात फ्रान्सकडे गेले. रोमानियाच्या राज्यातली शिकलेली, पैसेवाली मंडळी पॅरिसला जात. क्लीव्हलंडच्या पोलाद कारखान्यात गेला तो ट्रान्सिल्वेनियाचा पॉप.

वंशवेल

नाट्यवेडी, किती नेमकं लिहिलंस! पॅरिसला एस्को, अमेरिकेला पॉप. आडनावात वर्ग आणि प्रदेश दोन्ही दिसतात.

अमेरिकेला गेलेल्यांमध्ये एक वाक्प्रचार होता, 'मिआ शि द्रुमूल', म्हणजे 'हजार डॉलर आणि वाटखर्च'. तेवढे साठवायचे, परत यायचं, जमीन घ्यायची. बरेच जण परतलेही. जे राहिले त्यांनी चर्च उभारली. रेजायनाचं संत निकोलस १९०२ चं, क्लीव्हलंडचं संत मेरी १९०४ चं. १९०६ मध्ये क्लीव्हलंडमधून 'अमेरिका' नावाचं रोमानियन वृत्तपत्रही निघालं.

नंतर १९२४ चा अमेरिकेचा कायदा आला आणि रोमानियाला वर्षाचा कोटा मिळाला ६०३ माणसांचा. तोवर ट्रान्सिल्वेनिया रोमानियात आलं होतं, म्हणजे पॉप आणि पोपेस्कू आता एकाच रांगेत, आणि रांगेचं दार जवळजवळ बंद. माझ्या मते अमेरिकेत पोपेस्कू कमी राहण्याचं सर्वात मोठं कारण हेच. दक्षिणेकडच्या शेतकऱ्याला परदेशी जाण्याची लाट लागण्याआधीच वाट संपली.

सरहद्द

साम्यवादी काळाचं पण लिहायला हवं. १९४७ ते १९८९ या काळात सामान्य पोपेस्कूला देश सोडणं जवळपास अशक्य होतं. जे मोठ्या संख्येने बाहेर पडू शकले ते बहुतांशी दोन समाज. एक, ज्यू. १९४८ ते १९५१ या काळात रोमानियातून एक लाखाहून अधिक ज्यू इस्रायलला गेले. त्यांच्यात मोस्कोविच, हेर्शकोविच, आब्रामोविच अशी 'ओविच'वाली नावं. फ्रान्सचे समाजमानसशास्त्रज्ञ सर्ज मोस्कोविची हे ब्राइलाचे, १९२५ चा जन्म. दुसरे, ट्रान्सिल्वेनिया आणि बानातचे जर्मन. पश्चिम जर्मनी त्यांच्या सुटकेसाठी माणशी पैसे मोजत होता, आणि १९६७ ते १९८९ मध्ये दोन लाखांहून अधिक जर्मन असे बाहेर पडले. त्यांची आडनावं अर्थातच जर्मन.

म्हणजे जगाच्या नकाशावर 'रोमानियातून आलेले' शोधले तर या चाळीस वर्षांत एस्कू क्वचितच. आडनावांवरून स्थलांतर मोजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलं पाहिजे. सगळ्यात जास्त रोमानियन वाटणारं आडनाव सगळ्यात उशिरा बाहेर पडलं.

शेजारी देशांची गोष्ट तर वेगळीच, तिथे माणसं हललीच नाहीत, सीमा हलल्या. सर्बियाच्या व्होइवोदिनात, ग्रेबेनाक गावी १९२२ मध्ये जन्मलेला वास्को पोपा सर्बियन भाषेचा मोठा कवी, पण घराणं रोमानियन. तिकडे बेसाराबियात, म्हणजे आजच्या मोल्दोवा देशात, सोव्हिएत काळात भाषा सिरिलिक लिपीत लिहिली जाई. रोमन लिपी परत आली १९८९ च्या ऑगस्टमधल्या कायद्याने. जुन्या कागदांतल्या सिरिलिक पोपेस्कूचं रोमनीकरण करताना कुठे 'सी' येतो, कुठे 'के'. एकाच घरातल्या दोन भावांच्या पासपोर्टवर दोन स्पेलिंगं असणं तिथे नवल नाही.

तोरीनोवासी

मी बरीच वर्षं इटलीत, तोरीनोमध्ये आहे. इथे रोमानियन हा सर्वात मोठा परदेशी समाज, संपूर्ण इटलीत दहा लाखांहून जास्त. आमच्या इमारतीच्या घंटांवर एस्कू आहेत, पोपा आहेत, रुसू आहेत. तोरीनोत रोमानियाच्या ईशान्येचे, विशेषतः बाकाऊकडचे लोक खूप, त्यामुळे इथे नुसतं 'पोपा' जास्त कानावर येतं. स्पेनच्या कास्तेयॉन शहरात तिर्गोविश्ते भागातले लोक जास्त, तो मुंतेनियाचा. एकाने जायचं, मग मेहुणा, मग शेजारी, मग अर्धं गाव. म्हणून परदेशातली शहरंसुद्धा रोमानियाच्या जिल्ह्यांसारखी वाटली गेली आहेत.

२००२ मध्ये शेंगेन देशांसाठी व्हिसाची अट गेली, १ जानेवारी २००७ ला रोमानिया युरोपीय संघात आला, आणि जो ओघ सुरू झाला तो मी डोळ्यांनी पाहिला. बायका वृद्धांची काळजी घ्यायला, पुरुष बांधकामावर. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना सांभाळणाऱ्या पोपेस्कू बाईंनी त्यांच्या मुलीपेक्षा जास्त केलं, हे मी जवळून पाहिलं आहे. त्यांची स्वतःची मुलं तेव्हा गावी आजीआजोबांकडे वाढत होती. आडनावांचा नकाशा बघताना प्रत्येक ठिपक्यामागे असं काहीतरी आहे, हे मनातून जात नाही.

इटलीत बाईचं माहेरचंच आडनाव सर्व कागदांवर चालतं, स्पेनमध्येही तसंच. रोमानियात मात्र लग्नानंतर नवऱ्याचं घेण्याची पद्धत रुळलेली. त्यामुळे एकाच बाईची रोमानियन कागदांवर एक आणि स्थानिक कागदांवर दुसरी ओळख होऊन कटकटी होतात. स्पेनचं नागरिकत्व घेताना बहुधा वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं लावावी लागतात, म्हणजे पोपेस्कूच्या मागे आजोळचं नाव येऊन बसतं.

टंकलेखक

लिपीचा एक मुद्दा. रोमानियन वर्णमालेत 'एस' आणि 'टी'च्या खाली स्वल्पविरामासारखं चिन्ह येतं, 'ए'वर कंस येतो. परदेशी कागदांवर ही चिन्हं गळून पडतात. श्तेफनेस्कूचा 'श' जाऊन स्तेफानेस्कू होतो आणि मुलं तेच उच्चारायला लागतात. पोपेस्कूमध्ये एकही असं चिन्ह नाही! सात साधी अक्षरं, जशीच्या तशी कुठल्याही संगणकात बसतात. शिवाय रशियन आडनावांसारखं बाईसाठी वेगळं रूपही नाही. नव्या लाटेत ते न मोडता टिकलं याचं श्रेय मी याला देईन.

केदार_नाशिक

हे फारच आवडलं. इंग्लंडचे आकडे कुणाकडे आहेत का?

तोरीनोवासी

केदार, आडनावाचे नाही, पण जन्मदेशाचे सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ च्या जनगणनेत रोमानियात जन्मलेले सुमारे ८०,०००, आणि २०२१ मध्ये सुमारे ५,३९,०००. २०१४ मध्ये तिथे रोमानियन लोकांवरची नोकरीची बंधनं उठली, त्याचा हा परिणाम.

अन्विता_कॅलगरी

धागा वाचून राहवलं नाही. माझ्या जाऊबाईंचं माहेर अल्बर्टातल्या बोयान वस्तीचं, आडनाव पोपोविच. घरात सगळे म्हणतात 'आम्ही रोमानियातून आलो'. पण रोमानियाच्या अभिलेखागारात त्यांचं गाव काही केल्या सापडत नाही. कुठून सुरुवात करावी?

जहाजनोंदी

अन्विताताई, अल्बर्टातल्या बोयानला नाव पडलं ते बुकोविनातल्या बोयान गावावरून. ते लोक निघाले तेव्हा बुकोविना ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता, मधल्या काळात रोमानियात, आणि आज ते गाव युक्रेनच्या चेर्नित्सी प्रांतात आहे. तेव्हा जाऊबाईंना रोमानियाऐवजी चेर्नित्सीच्या अभिलेखागारात चर्चच्या वह्या शोधायला सांगा. गावाचं नाव रोमानियन, जर्मन आणि युक्रेनियन अशा तिन्ही रूपांत लिहून न्यावं. आडनावाचंही तसंच: पोपोविच, पोपोविची, पोपा, सगळं तपासायचं.

अल्बर्टातल्या बोयानच्या संत मेरी चर्चची जुनी दप्तरं आधी बघा. ते चर्च १९०५ चं आहे, आणि तिथे लग्नाच्या किंवा मृत्यूच्या नोंदीत मूळ गाव लिहिलेलं असण्याची चांगली शक्यता आहे. घरातलं कुणी अमेरिकेमार्गे आलं असेल तर १९०७ नंतरच्या अमेरिकन जहाजयाद्यांत मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ताही असतो.

अश्विनी_मावशी

अन्विता, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचार, पणजोबांना गावात कोणत्या नावाने हाक मारत. कागदावर पोपोविच असलं तरी गावात घराला दुसरंच नाव असायचं, आणि एकाच गावात चार-पाच पोपोविच असले तर वेगळं ओळखायला तेच उपयोगी पडतं. काही सापडलं तर इथे नक्की लिही.

अन्विता_कॅलगरी

मावशी, जहाजनोंदी, खूप आभार. युक्रेनचा विचारच कुणी केला नव्हता. जाऊबाईंच्या आत्या नव्वदीच्या आहेत आणि लख्ख आठवतं त्यांना. या रविवारी फोन करून घराण्याचं नाव विचारते, मग चर्चला पत्र टाकू.